नाझरेथच्या घरातली शाळा



नाताळनंतरच्या रविवारी आपण पवित्र कुटुंबाचा सण साजरा करतो आणि त्याच सुमारास आपल्याकडे नर्सरीच्या प्रवेशाची धावपळ सुरू होते. जन्मदाखला, स्नानसंस्काराचा दाखला, फोटो, आईवडिलांची मुलाखत! मूल अजून धड बोलत नसते, पण त्याच्या नावाचे अर्ज तीन-तीन शाळांत गेलेले असतात. यंदा या गडबडीत एका तरुण जोडप्याने वेगळाच प्रश्न विचारला. "फादर, मुलांना पहिली काही वर्षं घरीच शिकवायचा आमचा विचार आहे. चर्चची काही हरकत नाही ना?" पुढच्या पंधरवड्यात आणखी दोन घरांतून हाच प्रश्न आला. एका घरातल्या आजी तर तक्रार घेऊनच आल्या. "फादर, तुम्हीच सांगा त्यांना. शाळेत न जाता पोरं शिकतात का कुठं?"

आजींची काळजी खोटी नाही. आपल्या वसईत आधीच्या पिढ्यांनी शाळेसाठी काय सोसले हे त्यांनी पाहिले आहे. सकाळी मोगऱ्याच्या कळ्या खुडून द्यायच्या, मग दप्तर घेऊन चालत शाळेत जायचे, संध्याकाळी पुन्हा वाडीत पाणी शिंपायचे. शाळेने आपल्या समाजाला वर काढले. तेव्हा शाळा नको म्हणणे त्यांच्या कानाला जवळपास पापासारखे वाटते. दुसरीकडे त्या तरुण आईवडिलांचे दुखणेही खरे आहे. चार वर्षांच्या मुलाला गृहपाठ, पाच वर्षांच्या मुलीला शिकवणी, आणि रात्री जेवताना रडारड.

म्हणून आज मी सर्वांसाठी एकच हो किंवा नाही सांगणार नाही. घरी शिकवायचे की शाळेत पाठवायचे, हा निर्णय त्या त्या आईवडिलांनी प्रार्थनापूर्वक घ्यायचा आहे. परंतु तयारीविषयी मात्र मला बोलायचे आहे. आलेल्या प्रत्येकाने विचारले की कोणती पुस्तके आणावीत, तक्ते कोठे मिळतात, रोज किती तास बसवावे. आपल्या स्वतःच्या दिनक्रमात काय बदलावे लागेल, हे कोणीच विचारले नाही. खरी तयारी तेथेच आहे.

आधी ख्रिस्तसभेच्या हरकतीविषयी. हरकत मुळीच नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जाहीरनामा प्रसिद्ध केला. आईवडिलांनी मुलांना जीवन दिले, म्हणून तेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आहेत, आणि त्यांच्याकडून जी उणीव राहते ती दुसऱ्या कोणाला सहजी भरून काढता येत नाही, अशी त्यातली शिकवण आहे. पुढे १९८१ साली संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी कुटुंबाविषयीच्या आपल्या पत्रात सांगितले की आईवडिलांचा हा हक्क कोणी त्यांच्याकडून हिरावून घेऊ शकत नाही, आणि आईवडीलही तो पूर्णपणे दुसऱ्यावर सोपवून मोकळे होऊ शकत नाहीत.

यातली दुसरी बाजू आपण सोयीस्करपणे विसरतो. ती मुलांना शाळेत पाठवणाऱ्यांनाही तेवढीच लागू आहे. बाळाच्या स्नानसंस्काराच्या वेळी पास्काच्या मेणबत्तीवरून पेटवलेली मेणबत्ती कोणाच्या हातात दिली जाते? कुटुंबातल्या एखाद्याच्या हातात, बहुधा वडिलांच्या किंवा धर्मपित्याच्या. शाळेच्या मुख्याध्यापकांना आपण त्या दिवशी बोलावत नाही. फी भरली, बसची सोय झाली, शिकवणी लावली, एवढ्याने ती मेणबत्ती दुसऱ्याच्या हाती जात नाही. त्यामुळे आजचे हे प्रवचन मुलांना घरी शिकवू पाहणाऱ्या दोन-तीन घरांपुरतेच आहे असे बाकीच्यांनी समजू नये!

आता आपण थोडा वेळ नाझरेथच्या घरात जाऊ या.

प्रभू येशूने सुमारे तीस वर्षे त्या गावात काढली. त्या वर्षांत तो काय शिकला याचा वृत्तांत शुभवर्तमानकारांनी लिहून ठेवलेला नाही. पण मोठेपणी तो जे बोलला त्यात घरचे शिक्षण ठायी ठायी दिसते. पिठात खमीर कालवणारी स्त्री त्याने कोठे पाहिली असेल? दिवा मापाखाली झाकून ठेवत नाहीत, दिवठणीवर ठेवतात, हे कोणाच्या घरात पाहिले असेल? जुन्या कपड्याला नव्या, न आटलेल्या कापडाचे ठिगळ लावले तर ते जुन्यालाच फाडते, हे शिवणकाम करणाऱ्या आईजवळ बसल्याशिवाय कळत नाही. हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई, चव गेलेले मीठ, पिलांना पंखांखाली घेणारी कोंबडी, अंडे मागणाऱ्या मुलाला विंचू न देणारा बाप, हे सारे त्याने घरात आणि अंगणात गोळा केले असणार. मध्यरात्री मित्र भाकरी मागायला येतो तेव्हा आतला माणूस म्हणतो की दार बंद आहे आणि मुले माझ्याजवळ निजली आहेत. एकाच खोलीत सगळे कुटुंब एका ओळीत झोपते, तेथे वाढलेल्यालाच हा दाखला सुचतो. आपल्यातल्या पुष्कळांना तशी घरे आठवत असतील.

आणि संत जोसेफचा कारखाना. डोळ्यातले कुसळ आणि मुसळ हा दाखला आपण इतक्या वेळा ऐकला आहे की त्यातला भुसा आपल्याला दिसत नाही. लाकूड तासताना डोळ्यात कचरा जाण्याचा अनुभव सुताराच्या मुलाला रोजचा. दुसऱ्या शतकातले रक्तसाक्षी संत जस्टिन यांनी लिहून ठेवले आहे की येशू नांगर आणि जू बनवत असे. आपले जू सोयीचे आहे असे तो लोकांना सांगतो, तेव्हा बैलाच्या मानेला न काचणारे जू कसे तासायचे हे त्याच्या हातांना ठाऊक असते. नीट बसलेले जू आणि काचणारे जू यातला फरक जोसेफने त्याला लाकडावर दाखवला असेल. पुस्तकावर नक्कीच नाही.

माझ्या मते लहान मुलांच्या घरच्या शिक्षणाचे सारे रहस्य येथे आहे. मरिया आणि जोसेफ यांनी येशूला समोर बसवून तासन् तास धडे दिले असतील असे वाटत नाही. त्यांनी त्याला आपल्या कामात घेतले. आई पीठ मळताना तो जवळ होता, वडील रंधा मारताना तो जवळ होता. आजची आई म्हणते, "फादर, तो लुडबुड करतो, म्हणून मोबाइल देते हातात. माझा स्वयंपाक तरी होतो." मला तिची अडचण कळते. पण चार वर्षांच्या मुलाची शाळा ती लुडबुडच आहे. चपातीच्या पिठाचा गोळा त्याला द्या. पीठ सांडेल, अर्धा तास जास्त लागेल. केळीच्या घडाला फण्या किती, एका फणीला केळी किती, हे त्याला मोजू द्या. मोगऱ्याच्या कळ्या दहा-दहाच्या ढिगात लावू द्या. तांदूळ निवडताना खडे वेगळे करू द्या. ज्याने हातांनी मोजले आहे त्याला पुढे पाटीवरचा आकडा परका वाटत नाही. अक्षरांची घाई करू नका. पेन्सिल धरायला बोटांत जोर यावा लागतो, आणि तो कणीक मळून, दोरी ओवून, मातीत खेळून येतो.

आता दिनक्रमाविषयी. अनुवाद ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात इस्राएलच्या आईवडिलांना देवाचे वचन मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितले आहे आणि त्यासाठी वेळाही दिल्या आहेत. घरात बसलेले असताना, वाटेने चालताना, झोपताना आणि उठल्यावर. वेळापत्रकच आहे म्हणा ना! पण आपल्या घरांत या चार वेळांचे काय झाले आहे ते पाहा. उठल्यावर डबा, पाणी, बूट आणि आरडाओरडा. वाटेवर स्कूटर, आणि हेल्मेटमधून बोलता येत नाही. घरात बसतो ते टीव्हीसमोर. झोपायच्या वेळी वडील अजून विरार लोकलमध्ये लोंबकळत असतात.

घरी शिकवायचे ठरवणाऱ्यांनी पहिल्याने या चार वेळा मोकळ्या कराव्यात. निदान दोन तरी. त्यासाठी काहीतरी सोडावे लागेल. एखादी मालिका, एखादे जादा काम, मित्रांबरोबरची संध्याकाळ. काय सोडणार हे नवरा-बायकोने शाळेचे नाव ठरवण्याआधी एकत्र बसून ठरवावे. त्यात वडिलांची वेळ वेगळी लिहावी. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आलेल्या तिन्ही घरांत "आम्ही शिकवणार" असे म्हटले जात होते आणि त्याचा अर्थ "ती शिकवणार" असा होता. तिने नोकरी सोडायची, तिने स्वयंपाक करायचा, तिनेच धडे घ्यायचे, आणि मूल मागे पडले तर सासरच्यांचे बोलणेही तिनेच खायचे. हे न्याय्य नाही. जोसेफचे एकही वाक्य शुभवर्तमानात नाही, पण हातातले काम मुलाला शिकवायला तो जागेवर होता, इतका की लोक येशूला सुताराचा मुलगा म्हणून ओळखत. ज्या वडिलांना आठवड्यात चार-पाच तास मुलाजवळ बसणे जमणार नाही, त्यांनी घरच्या शाळेची गोष्ट काढू नये.

भाषेविषयी थोडे अधिक बोलतो, कारण ते दुखणे माझ्या मनात बरेच दिवस आहे. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथातल्या सातव्या अध्यायात सात मुलांच्या आईची कथा आहे. राजा त्या मुलांचा छळ करतो आहे, त्यांनी आपल्या देवाचा नियम मोडावा म्हणून. आई त्यांना धीर देते. ग्रंथकाराने एक बारीक गोष्ट नोंदवली आहे आणि ती पुन्हा पुन्हा नोंदवली आहे. ती आपल्या मुलांशी त्यांच्या मातृभाषेत बोलली. दरबार ग्रीकांचा, सत्ता ग्रीकांची, मोठेपणा ग्रीक बोलण्यात. पण आयुष्याच्या शेवटच्या क्षणी मुलाच्या काळजाला हात घालणारे शब्द घरच्या भाषेतच होते.

आपल्याकडे आजी कादोडीत किंवा वाडवळीत बोलते, आई मराठीत उत्तर देते, आणि मुलाशी दोघी मोडक्या इंग्रजीत बोलतात. "कम, ईट, फास्ट." मूल इंग्रजी शिको, जरूर शिको, त्याच्या पोटापाण्याला ते लागणार आहे. पण ज्या भाषेत आपण रागावतो, हसतो, रडतो आणि देवाशी बोलतो, ती त्याला तीन-चार वर्षांच्या वयात मिळाली नाही, तर पुढे कोणत्याही वर्गात मिळत नाही. घरी शिकवण्याचा विचार करणाऱ्यांना मी म्हणेन की तुमच्या शाळेतल्या पहिल्या शिक्षिका आजी असू द्या. तिला घरी पगार नाही, पण गोष्टींचा साठा आहे. रात्री बायबलमधली एक गोष्ट सोप्या मराठीत वाचून दाखवा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' आपल्यासाठी सिद्ध करून ठेवले आहे. ते पुष्कळ घरांत कपाटात आहे आणि त्याची पाने अजून एकमेकांना चिकटलेली आहेत.

घरातल्या या शिक्षणात किती बळ असते ते जपानच्या ख्रिस्ती लोकांनी दाखवून दिले. तेथे १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, छळ झाला, आणि १६४४ साली देशात उरलेले शेवटचे धर्मगुरूही मारले गेले. चर्च नाही, मिस्सा नाही, पुस्तक बाळगायची सोय नाही. तरी १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये शेजारच्या उराकामी गावचे काही शेतकरी आले आणि त्यांनी फादर पेतीजाँ यांना हलक्या आवाजात विचारले की पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे. दोनशेहून अधिक वर्षे आईवडिलांनी मुलांना प्रार्थना शिकवल्या होत्या आणि बाळांना गुपचूप स्नानसंस्कार दिले होते. आपल्या घरी क्रुसाची खूण शिकवायला बंदी नाही. वेळ नाही, एवढेच.

मात्र घर म्हणजे सगळे चांगलेच असे मानण्याची चूक करू नका. त्यासाठी मी तुम्हाला एका संतांच्याच घरात नेतो.

फ्रान्समधल्या लुई आणि झेली मार्टिन या पती-पत्नींना १८ ऑक्टोबर २०१५ रोजी एकत्र संतपद मिळाले. त्यांना नऊ मुले झाली, त्यांतली चार लहानपणीच वारली. झेली घरी बसून होती असे समजू नका. आलाँसाँ गावच्या प्रसिद्ध लेसचा तिचा स्वतःचा व्यवसाय होता, तिच्या हाताखाली कामकरी बाया होत्या, आणि तो व्याप वाढल्यावर लुईने १८७० मध्ये आपले घड्याळांचे दुकान सोडून तिला साथ दिली. त्यांची धाकटी मुलगी आपली लाडकी संत तेरेजा. ती साडेचार वर्षांची असताना, ऑगस्ट १८७७ मध्ये, आई कर्करोगाने गेली. कुटुंब लिझिए गावी राहायला आले आणि मोठी बहीण पोलीन तेरेजाला घरीच शिकवू लागली. तेरेजाला स्वतःहून वाचता आलेला पहिला शब्द 'स्वर्ग' हा होता. वडील तिला संध्याकाळी फिरायला नेत आणि ती आकाशातल्या तारकांच्या एका आकृतीत आपल्या नावाचे पहिले अक्षर शोधून त्यांना दाखवी. वाटेने चालताना शिकवणे ते हेच.

एवढे ऐकून आपल्याला वाटेल की झाले, घरची शाळाच उत्तम. पण पुढे ऐका. ती साडेआठ वर्षांची असताना तिला बेनेडिक्टाइन धर्मभगिनींच्या शाळेत घातले. अभ्यासात ती पुढे होती, म्हणून तिला मोठ्या मुलींच्या वर्गात बसवले, आणि त्यांच्यातल्या एकीने तिचा हेवा करून तिला छळले. शाळेतली ती वर्षे आपल्या आयुष्यातली सर्वांत दुःखाची होती असे तिने लिहून ठेवले आहे. शेवटी तेराव्या वर्षी तिला शाळेतून काढून खासगी शिकवणी लावावी लागली. पण इतर मुलींप्रमाणे आपल्याला खेळता येत नसे, हेही तिने प्रांजळपणे लिहिले आहे. घरात सर्वांची लाडकी होती, लहानसहान गोष्टींवरून तिच्या डोळ्यांना धार लागे. घराने तिला देव दिला, पण चार परक्या मुलींत वावरायचे बळ दिले नव्हते.

आणि तिची बहीण लिओनी. ही मुलगी हट्टी, अभ्यासात मागे, मावशी राहत होती त्या मठातल्या शाळेनेही तिला ठेवून घेतले नाही. आईने तिच्यासाठी फार अश्रू ढाळले. मरणापूर्वी काही महिने झेलीला कळले की घरातली विश्वासू मोलकरीण कित्येक वर्षे लिओनीला गुपचूप धाकात ठेवून छळत होती. संतपदाला पोहोचलेल्या आईच्या घरात, आईच्या डोळ्यांसमोर! कामाच्या गर्दीत तिला ते दिसले नाही. तेव्हा मूल घरात आहे म्हणून ते सुरक्षित आहे, असे कोणी गृहीत धरू नये. मूल कोणाजवळ असते, ते गप्प का झाले आहे, एखाद्याला पाहून लपते का, हे बघायला डोळे मोकळे लागतात. लिओनी पुढे अनेकदा अपयश घेऊन अखेर १८९९ मध्ये काँ गावच्या मठात स्थिरावली आणि १९४१ साली मरेपर्यंत तेथेच राहिली. २०१५ मध्ये तिच्याही संतपदाची प्रक्रिया सुरू झाली. एकाच घरातल्या दोन मुली, दोघींच्या वाटा अशा. म्हणून शेजारणीच्या मुलाला घरी शिकवणे मानवले, एवढ्यावरून आपल्या मुलाचा निर्णय करू नका. तुमच्याच दोन मुलांपैकी एकाला शाळा मानवेल आणि दुसऱ्याला नाही.

करोनाच्या काळात आपण सर्वांनीच थोडी घरची शाळा भोगली. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली आणि लहानग्यांचे वर्ग पुन्हा भरायला दीड वर्षाहून अधिक काळ गेला. काही घरांत वडील मुलांच्या जवळ आले. पहिल्यांदा वडिलांबरोबर रोजरी म्हटल्याचे मुलांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगितले. काही घरांत मात्र एक मोबाइल, तीन मुले आणि रोजची मारहाण, असेही झाले. तुमच्या घरात तेव्हा काय झाले, ते प्रामाणिकपणे आठवा. तुमच्या तयारीची परीक्षा त्या काळात एकदा होऊन गेली आहे.

मनातला हेतूही तपासून पाहा. शाळेची फी परवडत नाही आणि सांगायला लाज वाटते, म्हणून घरी शिकवणार असाल, तर आधी मला येऊन भेटा, त्यावर दुसरे उपाय आहेत. इतर जातिधर्मांच्या मुलांत आपले मूल बिघडेल, अशी भीती असेल, तर ती भीती ख्रिस्ती नाही. आपले मूल सर्वांपेक्षा हुशार निघावे म्हणून करणार असाल, तर ते मूल शाळेत गेले काय आणि घरी राहिले काय, त्याच्या मानेवर काचणारे जूच पडणार.

कायद्याचीही थोडी माहिती असावी. सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेत घालण्याची सक्ती नाही. नर्सरी, ज्युनिअर केजी चुकली म्हणून काहीही बुडत नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे, आणि त्यात मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे. घरी शिकवण्याविषयी तो कायदा स्पष्ट काही बोलत नाही, घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी त्यात शिक्षाही सांगितलेली नाही. पुष्कळ पालक पुढे मुक्त विद्यालयाच्या परीक्षांना मुलांना बसवतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीच्या परीक्षेसाठी चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात. मध्येच मुलाला शाळेत घालावेसे वाटले, तर त्याच्या वयाला योग्य त्या वर्गात प्रवेश मिळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. तरीही निर्णयापूर्वी शिक्षण विभागाच्या कार्यालयात जाऊन चौकशी करावी. केलेल्या अभ्यासाच्या वह्या तारीख घालून जपून ठेवाव्यात.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने मागतो. मुलांना घरी शिकवा, पण घरात कोंडू नका. बारा वर्षांचा येशू जेरुसलेमहून परतताना दिसेनासा झाला, तेव्हा मरिया आणि जोसेफ यांनी दिवसभराची वाट चालेपर्यंत काळजी केली नाही. तो नातलगांत आणि ओळखीच्यांत असेल, असे त्यांना वाटले. म्हणजे तो एरवी त्यांच्यात असायचा. दुसऱ्यांच्या तंबूत जेवायचा, दुसऱ्यांच्या मुलांबरोबर खेळायचा. आणि अखेर तो सापडला तो मंदिरात, गुरुजनांच्या मध्ये बसून ऐकताना आणि प्रश्न विचारताना. घर, गाव आणि मंदिर या तिघांनी मिळून त्याला वाढवले. बाजारात बसून एकमेकांना हाका मारणाऱ्या, लग्नाचा आणि मर्तिकाचा खेळ खेळणाऱ्या मुलांचा दाखला त्याने पुढे दिला आहे. असे खेळ अंगणात चार मुले असल्याशिवाय होत नाहीत.

म्हणून घरी शिकणारी मुले रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाला आलीच पाहिजेत. प्रथम कम्युनियनची तयारी ती बाकीच्या मुलांबरोबरच करतील. घरी उत्तम शिकवता म्हणून वर्गातून सूट मिळणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. आणि आजूबाजूच्या घरांनीही आपली अंगणे त्यांच्यासाठी उघडी ठेवावीत. "तुझी शाळा का नाही?" असे त्या मुलांना दहा वेळा विचारून हिणवू नये. शेजाऱ्यांच्या जिभेने घरच्या शाळा जितक्या बंद पडतात तितक्या अभ्यासाने पडत नसाव्यात.

जी जोडपी असा विचार करत आहेत त्यांच्यासाठी येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या सभागृहात एक तास बसू या. नवरा-बायको दोघांनी यावे, एकट्या आईला मी परत पाठवीन. येताना आपल्या घरातल्या एका साध्या दिवसाचे वेळापत्रक कागदावर लिहून आणावे. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत मूल कोणाजवळ असते, एवढेच त्यात लिहावे. निवृत्त शिक्षक-शिक्षिका आपल्या धर्मग्रामात बऱ्याच आहेत, त्यांनीही जरूर यावे. आजी-आजोबांना तर खास आमंत्रण आहे. मुलांनाही आणा, अंगणात चेंडू ठेवलेला असेल.